रात्रीच्या शहरापुढे काळी गाडी

जी कामे दिसावयास सोपी आणि करावयास अवघड, अशी छायाचित्रणकलेत पुष्कळ आहेत; परंतु काळ्या किंवा तत्सम गडद रंगाच्या मोटारगाडीचे, रात्रीच्या वेळी, दिव्यांनी उजळलेल्या महानगराच्या पार्श्वभूमीवर घेतलेले छायाचित्र त्यांत बरेच वरच्या जागी बसेल. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर कोणत्याही संध्याकाळी आपली गाडी रस्त्याकडेला उभी करून तिचा फोटो घेणारी तरुण मंडळी आढळतात, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या पदरी जे चित्र पडते त्यात मागचे दिवे भडक पांढरे ठिपके होऊन बसलेले असतात, आकाशाला काही रंगच उरलेला नसतो, आणि गाडीच्या जागी दोन हेडलाइट, एक नंबर प्लेट व त्यांच्यामागे आकारहीन अंधार एवढेच शिल्लक असते. डोळ्यांना तर गाडी स्वच्छ दिसत होती, तिच्या बॉनेटचा उतार, दरवाज्यावरून धावणारी रेघ, मडगार्डाची गोलाई हे सारे उघड्या नजरेला कळत होते. मग ते कॅमेऱ्याला का कळू नये, हा प्रश्न मनापासून विचारण्याजोगा आहे, कारण त्याचे उत्तर ज्याला उमगले त्याला या प्रकारच्या छायाचित्रणाचे बहुतांश ज्ञान झाले असे माझे मत आहे.

पदार्थाच्या पृष्ठभागावरून प्रकाश परततो तो दोन रीतींनी. एक रीत अशी की, प्रकाश रंगाच्या थरात थोडा आत शिरतो, तेथील सूक्ष्म कणांवर आदळून सर्व दिशांना विखुरतो आणि त्या पदार्थाचा रंग घेऊन बाहेर पडतो. चुना लावलेली भिंत कोठूनही पाहिली तरी सारखीच उजळ दिसते ती यामुळे. दुसरी रीत आरशाची: प्रकाश आत न शिरता गुळगुळीत पृष्ठभागावरूनच, ज्या कोनाने आला त्याच कोनाने, एकाच दिशेस परत जातो. पांढऱ्या गाडीच्या ठिकाणी पहिली रीत प्रबळ असते. काळ्या गाडीच्या रंगद्रव्यात शिरलेला प्रकाश मात्र जवळजवळ सर्वच्या सर्व तेथेच शोषला जातो, आणि उपयोगास येते ती केवळ दुसरी रीत. म्हणूनच पांढऱ्या गाडीवर एक दिवा धरला की तिचा सारा दरवाजा उजळतो, आणि काळ्या गाडीवर तोच दिवा धरला तर दरवाज्यात त्या दिव्याचे इवलेसे प्रतिबिंब तेवढे चमकते, दरवाजा होता तसाच काळा राहतो. अधिक प्रखर दिवा आणला तर ते प्रतिबिंब अधिक प्रखर होते. दरवाज्याच्या काळेपणात त्याने काही फरक पडत नाही. फोटो काळा आला म्हणून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पेटविणाऱ्यांची निराशा होते तिचे कारण हेच आहे.

या आरशाची शक्तीही सर्वत्र सारखी नसते. आजच्या गाड्यांच्या रंगावर जो पारदर्शक लेप असतो त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, सुमारे १.५ असतो, अशा पृष्ठभागावर सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत येतो, लंबाशी ६० अंशांचा कोन झाला की हे प्रमाण ९ टक्क्यांच्या घरात जाते, आणि ८० अंशांवर, म्हणजे नजर पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाऊ लागली की, ते ३९ टक्क्यांपर्यंत चढते. तळ्याच्या काठी उभे राहून पायाशी पाहिले तर पाण्याचा तळ दिसतो, आणि दूरवर पाहिले तर त्याच पाण्यात पैलतीरावरचे देऊळ दिसते, त्यातलाच हा प्रकार आहे. गाडीच्या दरवाज्याकडे सरळ समोरून कॅमेरा रोखणाऱ्याला त्या दरवाज्यात जे दिसते ते त्याच्या स्वतःच्या पाठीमागचे जग असते, आणि तेही पंचवीस पटींनी मंद झालेले. त्याच्या पाठीशी अंधारा समुद्र असेल तर दरवाज्यात अंधारा समुद्रच दिसणार. तीच गाडी तिरपी उभी केली, की दरवाज्यावरून, बॉनेटवरून आणि टपावरून घसरत येणारी नजर बाजूच्या उजेडाला जाऊन भिडते आणि काळा पत्रा एकाएकी आकार धारण करतो.

डोळ्यांना गाडी दिसते याचे रहस्यही येथेच आहे. आपण कधी एका जागी, एका डोळ्याने, निश्चल उभे राहून पाहत नाही. मान किंचित हलली, पाऊल पुढे पडले, की पत्र्यावरची प्रतिबिंबे सरकतात, आणि त्यांच्या सरकण्यावरून वक्रता कोठे व किती आहे याचा हिशेब आपले मन नकळत मांडत असते. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला एकाच स्थानावरून, एकदाच मिळालेल्या प्रतिबिंबांवर सारा आकार उभा करावयाचा असतो, आणि ती प्रतिबिंबे त्याला पुरविण्याची जबाबदारी छायाचित्रकाराची असते.

तेव्हा काळी गाडी रात्री ओळखू यावी याला मार्ग दोनच राहतात: तिची कड तिच्याहून उजळ अशा पार्श्वभूमीवर उठून दिसणे, आणि तिच्या अंगावर काहीतरी मोठे, मऊ, सलग प्रतिबिंब पडणे. जागा कोणती निवडावी, वेळ कोणती गाठावी, कॅमेरा कोठे ठेवावा, हे सारे तपशील या दोन गरजांतून निघतात, आणि त्यांचा विचार न करता केवळ महागडी सामग्री जमविणाऱ्यास ती सामग्री फारसा आधार देत नाही.

प्रथम जागा. मरीन ड्राइव्हचे दक्षिणेचे टोक, जेथे एनसीपीएच्या इमारतीपाशी रस्ता संपतो, तेथे उभे राहून उत्तरेकडे पाहिले असता बॅक बेच्या पाण्यापलीकडे गिरगाव चौपाटी, वाळकेश्वर आणि मलबार हिल यांचे दिवे एका मोठ्या कमानीत पसरलेले दिसतात. ही दीपावली उजळ खरी, पण ती गाडीच्या मागे आहे. कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या अंगाला तिचा काही लाभ नाही. त्या अंगाला उजेड मिळावयाचा तो पश्चिमेच्या क्षितिजावर सूर्यास्तानंतर रेंगाळणाऱ्या प्रभेतून. म्हणून गाडीची एक बाजू नैऋत्येस वळेल अशा बेताने ती तिरपी उभी केली, की पश्चिमेची ती लांबलचक, मंद होत जाणारी प्रभा दरवाज्यांवरून परावर्तित होऊन थेट कॅमेऱ्याकडे येते, आणि समोरच्या मडगार्डापासून डिकीपर्यंत एक अखंड तेजोरेखा उमटते. स्टुडिओत गाडीचे छायाचित्र घेणारे लोक गाडीच्या डोक्यावर तिच्याएवढाच लांबरुंद पांढरा पडदा टांगून त्यावर प्रकाश टाकतात, गाडीवर टाकत नाहीत. ज्याच्याजवळ तो पडदा नाही त्याच्यासाठी निसर्गाने पश्चिमेस तशीच व्यवस्था करून ठेवली आहे. तिचा अंमल मात्र फार थोडा वेळ चालतो.

कॅमेऱ्याची उंची हा दुसरा विचार. क्षितिजाची रेषा चित्रातील प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्याच उंचीवर छेदते, असा दृश्यरचनेचा नियम आहे. मोटारगाडीची उंची साधारण दीड मीटर असते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घेतला तर क्षितिज गाडीच्या टपावरून जाते, सारी गाडी खालच्या काळ्या डांबरी रस्त्याच्या पार्श्वभूमीवर येते, आणि काळ्यावर काळे काय दिसणार? कॅमेरा बॉनेटच्या उंचीपर्यंत खाली आणला, की खिडक्या, टप आणि मागचा उतार हा गाडीचा वरचा अर्धा भाग क्षितिजाच्या वर उठतो, शहराचे दिवे आणि आकाशाचा उजेड त्याच्या मागे येतो, आणि कड रेखीव उमटते. गुडघे टेकून फोटो घेणारा माणूस रस्त्यावरच्या लोकांना विचित्र वाटतो. त्याला इलाज नाही.

आता वेळेचा विचार, आणि येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण ‘रात्रीचा फोटो’ या शब्दांनी आपली फार दिशाभूल केली आहे. रात्रीची म्हणून जी उत्तम छायाचित्रे आपण वाखाणतो त्यांपैकी बहुतेक पूर्ण रात्री घेतलेली नसतात. सूर्य क्षितिजाखाली गेल्यापासून तो सहा अंश खाली उतरेपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरत असल्याने हा काळ अवघा २२ ते २४ मिनिटांचा असतो. लंडनमध्ये जून महिन्यात तो पाऊण तासाहून अधिक चालतो, हे तिकडील छायाचित्रकारांचे भाग्य. सूर्यास्ताच्या क्षणी निरभ्र आकाशातून जमिनीवर सुमारे ४०० लक्स प्रकाश पडतो, आणि नागरी संधिप्रकाश संपतेवेळी तो तीन-साडेतीन लक्सवर येतो. म्हणजे वीस-बावीस मिनिटांत आकाशाचा उजेड शंभराहून अधिक पटींनी घटतो, आणि शहराचे दिवे मात्र जसेच्या तसे जळत राहतात. या दोहोंचे पारडे एका वेळेस समतोल होते. त्याच्या आधी दिवे फिके पडतात, आणि त्यानंतर आकाश चित्रातून नाहीसे होते व त्याबरोबर गाडीची कडही जाते. हा समतोलाचा अवकाश सूर्यास्तानंतर सुमारे पंधराव्या मिनिटापासून पुढची दहा-बारा मिनिटे टिकतो, आणि छायाचित्रकाराची सारी तयारी त्याआधीच झालेली असावी लागते.

त्या वेळच्या आकाशाची गर्द निळाई ही दिवसाच्या निळाईहून वेगळ्या कारणाने येते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. दिवसा हवेच्या रेणूंवरून निळा प्रकाश अधिक विखुरतो म्हणून आकाश निळे दिसते. परंतु सूर्य क्षितिजाशी आल्यावर त्याचे किरण वातावरणातून इतके लांबचे अंतर तिरपे कापीत येतात, की केवळ त्या कारणाने माथ्यावरचे आकाश फिकट पिवळट व्हावयास हवे. तसे होत नाही, याचे श्रेय ओझोनच्या थरास आहे. हा वायू नारिंगी-पिवळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो, आणि एवढ्या लांबच्या तिरप्या वाटेवर ते शोषण लक्षात येण्याइतके होते. एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे गणिताने दाखवून दिले, आणि सूर्यास्तसमयीच्या माथ्यावरील निळाईत सुमारे दोन-तृतीयांश वाटा ओझोनचा आहे असा त्याचा निष्कर्ष होता. काळ्या बॉनेटवर संध्याकाळी जी निळी झळाळी उतरते तिची मुळे अशी जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर उंच पोचलेली आहेत.

त्या निळाईला साजेशी सोबत दिव्यांच्या पिवळेपणाची. मरीन ड्राइव्हवर पूर्वी सोडियमचे दिवे होते. त्यांच्या उष्ण सोनेरी छटेमुळेच त्या रस्त्याच्या दिव्यांना राणीचा रत्नहार हे नाव शोभत असे. २०१५ च्या आरंभी तेथे पांढरे एलईडी दिवे बसविण्यात आले, त्यावर नागरिकांनी आणि राजकीय पक्षांनी बरीच ओरड केली, आणि त्याच वर्षी पुढे पिवळसर छटेचे एलईडी लावून ती तक्रार काही अंशी दूर करण्यात आली. विजेच्या बचतीचा मुद्दा खरा होता, हे मान्य करूनही मला असे वाटते की नागरिकांची ओरड रास्त होती. गाडीच्या काळ्या अंगावर पडणारी पांढरी प्रतिबिंबे आणि सोनेरी प्रतिबिंबे यांत जो फरक आहे तो कोणत्याही सजावटीहून मोठा आहे. निळ्या आकाशाशी सोनेरी दिव्याचा विरोध जुळतो, पांढऱ्या दिव्याशी तो विरून जातो. कॅमेऱ्यातील रंगतापमान ३२०० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान मुक्रर करून ठेवले तर निळा अधिक गहिरा होतो आणि पिवळा मर्यादेत राहतो. ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मर्जीवर सोडू नये.

प्रकाशमापनाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. कॅमेऱ्यातील मापक असे गृहीत धरून चालतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत देणारे आहे. काळ्या गाडीने चौकट भरली असेल तर तो तिला करडी करण्यासाठी प्रकाश वाढवितो आणि मागचे दिवे जळून जातात. दिवेच अधिक असले तर तो प्रकाश घटवितो आणि गाडी बुडते. त्याच्या सल्ल्यावर न विसंबता सारे हाताने ठरविणे इष्ट. आयएसओ १००, छिद्र एफ ८, आणि वेळ, संधिप्रकाशाच्या मध्यास सेकंदभरापासून रात्र पडेपर्यंत पंधरा-वीस सेकंदांपर्यंत, ही साधारण मर्यादा समजावी. दिव्यांचे तेज राखणे हे पहिले कर्तव्य आहे, कारण सावलीत दडलेला तपशील नंतर काही अंशी वर काढता येतो, परंतु जळून पांढऱ्या झालेल्या भागात काहीच उरलेले नसते. याकरिता रॉ स्वरूपात फोटो घ्यावा आणि दर वेळी हिस्टोग्राम पाहावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिस्त ठेवू नये. अंधारात तो पडदा नेहमीच असावा त्याहून उजळ भासतो.

इतक्या दीर्घ उघडझापीसाठी ट्रायपॉड अनिवार्य आहे, हे सांगावयास नको. समुद्राच्या वाऱ्यात त्याचा मधला दांडा वर काढू नये, त्याला पिशवी अडकवून वजन द्यावे, लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा बंद ठेवावी, आणि बटण हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. दीर्घ उघडझापीनंतर तितकाच वेळ घेऊन एक काळी चौकट टिपणारी आणि त्यातून चित्रातील दोष वजा करणारी जी सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, ती संधिप्रकाशाच्या त्या दहा-बारा मिनिटांपुरती बंद करावी. एरव्ही त्यांतला निम्मा वेळ कॅमेरा आपल्याच कामात गुंतून राहतो. मरीन ड्राइव्हवर खाऱ्या तुषारांचा पातळ थर लेन्सच्या काचेवर पाहता पाहता जमतो आणि दिव्यांभोवती धुरकट वलये आणतो, म्हणून स्वच्छ कापड खिशात असू द्यावे.

मागील इमारती चित्रात मोठ्या दिसाव्या की लहान, याचा निर्णय लेन्सने होतो असे लोक समजतात. वस्तुतः तो छायाचित्रकार किती मागे सरकतो यावर होतो. जवळ जाऊन रुंद कोनाची लेन्स लावली तर गाडीचे तोंड फुगते आणि पलीकडची मलबार हिल दिव्यांची एक बारीक ओळ होऊन राहते. दहा-पंधरा मीटर मागे जाऊन ८५ मिलिमीटरची लेन्स लावली, की गाडी तेवढीच राहून शहर तिच्या मागे मोठे होऊन उभे राहते. अशा लेन्सने, पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर एफ ८ ठेवून ३० मीटरवर फोकस केला, तर सुमारे १५ मीटरपासून अनंतापर्यंत सारे समाधानकारक स्पष्ट येते. तेव्हा गाडी १५ मीटरच्या किंचित पलीकडे उभी करावी, म्हणजे गाडीही रेखीव आणि दिवेही रेखीव. छिद्र लहान ठेवल्याने दिव्यांभोवती किरणांच्या चांदण्या उमटतात. छिद्राच्या पात्यांची संख्या सम असेल तर किरण तितकेच, आणि विषम असेल तर दुप्पट.

येथवर जे सांगितले ते उपलब्ध उजेडावर भागविण्याचे शास्त्र झाले. रात्रीला आपला उजेड पुरविण्याची परंपराही जुनी आणि थोर आहे. ब्रासाई या हंगेरीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने रात्रीच्या पॅरिसची जी छायाचित्रे १९३२ च्या अखेरीस ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती घेताना तो उघडझापीची मुदत सिगारेट जळून संपण्यावरून मोजीत असे; कमी अंधारास एका जातीची सिगारेट आणि अधिक अंधारास दुसरी, अधिक वेळ जळणारी. ज्युलियस शुल्मन याने १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवरील, वास्तुशिल्पी पिएर कोनिग याच्या काचेच्या घराचे जे छायाचित्र घेतले त्यात खाली पसरलेल्या शहराच्या दिव्यांना त्याने सुमारे सात मिनिटांची उघडझाप दिली आणि घराचा अंतर्भाग त्यानंतर फ्लॅशने क्षणार्धात उजळला. एकाच फिल्मवर शहराला लांबलचक वेळ आणि समोरच्या वस्तूला एक क्षण, ही विभागणी काळ्या गाडीसाठी आजही जशीच्या तशी लागू पडते.

परंतु या विषयातील माझे खरे गुरू म्हणजे विन्स्टन लिंक. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी अमेरिकेतील नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या अखेरच्या वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे घेतली, आणि ती मुख्यतः रात्री घेतली. काळेकुट्ट, अजस्र, वेगाने धावणारे इंजिन अंधारात टिपणे याहून अवघड काम कल्पिता येत नाही. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या लिंक यांनी ते हिशेबाने साधले: सूर्य आपल्या हुकमतीत नाही, रात्रीचे दिवे मात्र हवे तेथे ठेवता येतात, या जाणिवेने त्यांनी रुळांच्या कडेने तारांनी जोडलेले फ्लॅशबल्ब मांडले आणि ते एकाच क्षणी पेटविले. वेस्ट व्हर्जिनियातील येगर या गावच्या मोटारीत बसून पाहावयाच्या चित्रपटगृहाजवळून १९५६ मध्ये धावत गेलेल्या गाडीचे त्यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे, आणि त्यासाठी चाळिसाहून अधिक बल्ब एकदम पेटले होते. इतक्या लखलखाटात मागच्या पडद्यावरचे विमानाचे दृश्य पुसले गेले, म्हणून लिंक यांनी ते दुसऱ्या निगेटिव्हवरून त्या चित्रात छापले. दोन चौकटींचा संयोग केल्याने चित्र खोटे होते, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. एकाच जागेवरून, त्याच संध्याकाळी, आकाशासाठी एक आणि गाडीसाठी एक असे दोन फोटो घेऊन ते जुळविणे माझ्या मते सर्वथा रास्त आहे. दुसऱ्याच नगरीचे दिवे आणून आपल्या गाडीमागे चिकटविणे हे मात्र लबाडीत मोडते.

लिंक यांच्याइतके बल्ब आपल्यापाशी नसले तरी एक लांब एलईडी नळी आणि काळे कपडे पुरतात. पंधरा-वीस सेकंदांची उघडझाप चालू असताना, ती नळी गाडीच्या लांबीला समांतर धरून, टपाच्या किंचित वर, एकसारख्या गतीने पुढून मागे चालत गेले, की त्या फिरत्या दिव्याची सारी प्रतिबिंबे एकत्र होऊन पत्र्यावर एकच लांब रेघ उमटते; चालणारा मनुष्य काळ्या कपड्यांत कोठेच थांबत नसल्याने चित्रात येत नाही. नळीचा उजेड कॅमेऱ्याच्या दिशेस जाऊ देऊ नये, आणि पाऊल अडखळू देऊ नये, कारण जेथे पाऊल थबकते तेथे रेघेला गाठ पडते. गाडीचे स्वतःचे पार्किंगचे दिवे शेवटच्या सेकंद-दोन सेकंदांपुरतेच लावावेत. रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या वाहनांचे हेडलाइट मध्येच अंगावर आले तर लेन्ससमोर एक काळा पुठ्ठा धरून ते निघून जाईपर्यंत थांबावे आणि मग पुठ्ठा काढून राहिलेला वेळ पुरा करावा. ब्रासाईच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती अद्याप निरुपयोगी ठरलेली नाही.

पोलरायझर फिल्टरविषयी नवशिक्यांत मोठा गैरसमज आहे. हा फिल्टर रंगीत पत्र्यावरची आणि काचेवरची प्रतिबिंबे, लंबाशी साधारण ५६ अंशांच्या कोनावर, जवळजवळ पुसून टाकतो. क्रोमच्या बंपरवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ज्या गाडीचे सारे रूपच प्रतिबिंबांवर उभे आहे, तिच्यावरून प्रतिबिंबे पुसली तर काय उरणार? समोरच्या काचेतील एखादे त्रासदायक प्रतिबिंब घालविण्यापुरता तो फिरवावा आणि पुढे काढून ठेवावा, कारण तो प्रकाशही निम्म्याहून कमी करतो. धुण्यापुसण्याच्या बाबतीत मात्र कितीही काळजी घेतली तरी ती अधिक होत नाही. पांढऱ्या गाडीवरची धूळ झाकून जाते. काळ्या गाडीवर प्रत्येक बोटाचा ठसा, आणि खरखरीत फडक्याने पुसल्याने पडलेले बारीक गोल ओरखडे, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जाळे होऊन उमटतात.

हे सारे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जी गाडी सतत आहे ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, आणि तीही प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होऊ लागलेली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव धारण केलेली ही गाडी, नाव बदलले तरी टॅक्सीवाल्यांच्या तोंडी फियाटच राहिली. छायाचित्रकाराच्या दृष्टीने तिच्यात एक दुर्मीळ योग होता: तिचा पिवळा टप प्रकाश विखुरणारा, आणि तिचे काळे अंग प्रकाश परावर्तित करणारे. एकाच पत्र्याच्या देहात दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. रस्त्यावरचा सोडियमचा दिवा टपाला सोन्याचा रंग देई आणि तोच दिवा बॉनेटवर केवळ एक ठिणगी होऊन चमके. तिचा टप चित्रात यावा यासाठी कॅमेरा मी वर सांगितलेल्या उंचीपेक्षा थोडा वर, टपाच्या जरा वरपर्यंत न्यावा लागतो, आणि कड गमावल्याची भरपाई तो पिवळा रंगच करतो.

ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर येऊ शकत नाही. काळा-पिवळा रंग इतर गाड्यांवर अद्याप आहे; पण त्या बॉनेटचा तो उतार आणि क्रोमची ती जाळी त्यांच्यापाशी नाही. पद्मिनीचे दिवसाचे फोटो मुबलक आहेत. रात्री, शहराच्या दिव्यांपुढे, तिचे काळे अंग खरोखर कसे दिसे, हे नीट दाखविणारे फोटो मला फार थोडे आढळले, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

जागेच्या परवानगीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वाहन थांबविण्यास सक्त मनाई आहे, आणि फोटोसाठी तेथे थांबणे हा स्वतःच्या व इतरांच्या जिवाशी खेळ आहे. त्या सेतूचे दिवे मागे हवे असतील तर वांद्रे रेक्लमेशनच्या बाजूने, वाहने उभी करण्याची मुभा असेल तेथूनच घ्यावेत. मरीन ड्राइव्हवरही उभे करण्याचे ठिकाण आधी पाहून ठेवावे, आणि व्यावसायिक चित्रीकरण असेल तर पोलिसांकडे व पालिकेकडे रीतसर अर्ज करावा.

मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात अजूनही कित्येक घरांच्या अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एखादी काळी फियाट वा ॲम्बॅसॅडर कागदपत्रांची मुदत संपण्याची किंवा भंगारवाल्याची वाट पाहत उभी असेल. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना माझी विनंती आहे की, निरोप देण्यापूर्वी तिला धुऊनपुसून एका संध्याकाळी गावाचे दिवे दिसतील अशा एखाद्या उंचवट्यावर न्यावे, सूर्यास्तानंतरची ती थोडी मिनिटे साधून तिचा फोटो घ्यावा, आणि छापील प्रतीच्या पाठीमागे गाडीचा क्रमांक, ठिकाण व तारीख शाईने लिहून ठेवावी.